मागच्या टीवरून खेळतो तोच खरा गोल्फर?

गोल्फवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड अधूनमधून उगवतो. वाद टीचा, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारतात त्या जागेचा. प्रत्येक होलला वेगवेगळ्या रंगांच्या टी असतात: सहसा ब्लॅक-ब्लू सर्वांत मागे, व्हाइट त्यांच्या पुढे, रेड सर्वांत पुढे. फॉरवर्डचे शब्द बदलतात, आशय तोच असतो: "खरा गोल्फर ब्लू किंवा ब्लॅकवरूनच खेळतो. कोर्सचा खरा अनुभव तिथूनच येतो. लांबून खेळल्यानेच खेळ सुधारतो. रेड टी बायकांसाठी असतात. पुढून खेळून उतरवलेला हँडिकॅप खोटा, आणि फोरबॉलमध्ये बरोबरी हवी तर चौघांनी एकाच टीवरून मारावं." खाली अंगठ्यांचा पाऊस. (हँडिकॅप म्हणजे पारवर, म्हणजे ठरलेल्या अपेक्षित फटक्यांवर, खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट; फोरबॉल म्हणजे चौघांचा खेळ.) एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा "खऱ्या अनुभवाचा". तो तपासायचा तर आधी आपण किती लांब मारतो हे खरं सांगावं लागतं, आणि घोडं इथेच पेंड खातं. ड्रायव्हर, म्हणजे टीवरून सर्वांत लांब मारायची क्लब, किती जातो असं विचारलं की माणूस गेल्या हिवाळ्यात उतारावर, वारा पाठीशी असताना गेलेला एक शॉट आठवून "अडीचशे" म्हणतो. ब्रिटनच्या कोर्सेसवर आर अँड ए या गोल्फच्या नियामक संस्थेने वर्षानुवर्षं हौशी पुरुषांचे ड्राइव्ह मोजले. सरासरी २१५ यार्डांच्या आसपास आली. कोर्स किती अवघड याचं रेटिंग ठरवणारे लोक तर साधारण २० हँडिकॅपचा "बोगी गोल्फर" पुरुष धरतात तो ड्राइव्ह २०० यार्ड मारणारा आणि दोन फटक्यांत ३७० यार्डांपर्यंत पोचणारा. आपल्यातले बहुतेक जण याच घरातले.

आता ४२० यार्डांचा पार फोर (चार फटक्यांत संपवायचं होल) घ्या. २०० चा ड्राइव्ह बसला, समोर २२० उरले. थ्री-वूड, म्हणजे ड्रायव्हरच्या खालोखाल लांब मारणारी क्लब, अगदी गोड लागला तर १७५. मग ४५ यार्डांची पिच, म्हणजे छोटा उंच फटका. पुढच्या लांब होलवर हेच, त्याच्या पुढच्या होलवरही हेच. मधल्या अंतराच्या पाचनंबरी, सहानंबरी आयर्न बॅगेत नुसत्या फिरून येतात. तेच होल ३४० च्या टीवरून खेळा: ड्राइव्हनंतर १४० उरतात, म्हणजे या खेळाडूच्या हातात पाचनंबरी आयर्न. ग्रीनसमोरचा (झेंड्याभोवतीच्या हिरवळीसमोरचा) बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, टाळायचा की थेट पिनवर, म्हणजे झेंड्यावर, जायचं, हा प्रश्न आता पहिल्यांदा पडतो. ३०० यार्ड मारणारा प्रो ४७० च्या पार फोरवर दुसऱ्या फटक्याला सातनंबरी घेऊन उभा असतो, त्यालाही हाच प्रश्न पडलेला असतो. होल आखणाऱ्याने ज्या प्रश्नासाठी तो बंकर खणला, तो मागच्या टीवरून आपल्याला कधी भेटतच नाही. मग "खरा अनुभव" कुठून आला?

हिशेब उलटाही करून पाहा. प्रो ३०० मारतो आणि ७,२०० यार्डांवर खेळतो, म्हणजे ड्राइव्हच्या चोवीस पट. २१० मारणाऱ्याला त्याच प्रमाणात ५,०४० यार्ड येतात. हाच गृहस्थ ६,५०० च्या ब्लूवरून खेळतो तेव्हा प्रोला जवळजवळ ९,३०० यार्डांचा कोर्स दिल्यासारखं होतं. कुठल्याही टूरवर असा कोर्स मांडला तर खेळाडू संपावर जातील.

अमेरिकेत बार्नी ॲडम्स या गोल्फच्या काठ्या (क्लब) बनवणाऱ्या उद्योजकाने असाच युक्तिवाद मांडला, आणि २०११ साली यूएसजीए (अमेरिकेची गोल्फ संघटना) व पीजीए ऑफ अमेरिका (तिथल्या व्यावसायिक गोल्फरांची संघटना) यांनी मिळून "टी इट फॉरवर्ड" मोहीम काढली. त्यांचा तक्ता सरळ आहे: सरासरी ड्राइव्ह २५० असेल तर ६,२०० ते ६,४०० यार्ड, २२५ ला ५,८०० ते ६,०००, २०० ला ५,२०० ते ५,४००. तक्ता हाताशी नसेल तर पाचनंबरी आयर्नच्या अंतराला ३६ ने गुणा. १४० मारणाऱ्याला ५,०४० येतात. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळत नाहीत, पण दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात, आणि ती बाजू ब्लूची नव्हे.

आपल्याकडे यात पावसाची भर घाला. एप्रिल-मेमध्ये करपलेल्या फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) बॉल वीस-तीस यार्ड घरंगळतो. जुलैत तोच बॉल पडतो तिथेच रुततो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने बॉल दोनेक टक्के लांब जातो म्हणतात, म्हणजे दोनशे यार्डांमागे चार. चेंबूरला तेही नाही. कार्डावर लांबी तीच छापलेली असते, पण पावसाळ्यात ती अंगावर येते. उन्हाळ्यात व्हाइट झेपते म्हणून जुलैतही तिथेच उभं राहायचं, हा हट्ट कशासाठी? अशा वेळी कॅडीला विचारा. तुमचा बॉल किती जातो हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. फक्त विचारल्याशिवाय तो बोलत नाही.

दुसरा मुद्दा: लांबून खेळल्याने खेळ सुधारतो. यात तथ्य आहे, पण कोणासाठी? जो सिंगल (एक आकडी) हँडिकॅपवर आहे, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धांच्या तयारीला लागलाय, त्याला मागच्या टीवरचा सराव हवाच, कारण स्पर्धा तिथूनच होणार. अठरा-वीस हँडिकॅपवाला मात्र मागून खेळून दोनच गोष्टी घोटवतो: रफमधून, म्हणजे वाढलेल्या गवतातून, थ्री-वूड ओढणं, आणि अंतर भरून काढायला अंगात आल्यासारखी स्विंग मारणं. शिकवणारे उलट्या दिशेने जातात. ऑपरेशन ३६ या पद्धतीत नवशिक्याला ग्रीनपासून अवघ्या २५ यार्डांवर उभं करतात. तिथून नऊ होल ३६ फटक्यांत संपवले, की मग मागे सरकायचं. मागे जाण्याचा हक्क स्कोअरने कमवायचा. चांगल्या खेळाडूंनाही प्रशिक्षक अधूनमधून मुद्दाम पुढून खेळवतात, कारण एका फेरीत सहा-सात बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) करणं अंगवळणी पडावं लागतं, आणि ती सवय ब्लॅकवर ९५ मारून लागत नाही.

रेड टी बायकांच्या, हा मुद्दा खरं तर दोन ओळींत निकालात निघतो. गोल्फच्या नियमांत कोणत्याही टीला लिंग नाही. एकाच टीला पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी वेगळं रेटिंग देता येतं, आणि रंग क्लबच्या मर्जीचा. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला अपमान वाटतोय तो यार्डांचा नाही, "बायकी" दिसण्याचा. म्हणून एवढंच सांगतो: एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक टूरचे कोर्स साधारण ६,२०० ते ६,७०० यार्डांचे असतात, आणि तिथल्या व्यावसायिक मुली सरासरी अडीचशेच्या पुढे मारतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक मैदानातल्या सर्वांत कमी लांब मारणाऱ्यांपैकी होती. ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. २०० मारणारे आपण ६,५०० वरून खेळतो तेव्हा त्या मुलींपेक्षाही अवघड परीक्षा स्वतःवर ओढवून घेतो, आणि वर मर्दानगीच्या गप्पा मारतो.

राहिला हँडिकॅपचा आणि बरोबरीचा आरोप. हे दोन्ही एकच आहेत, आणि दोन्ही जुन्या काळात अडकलेत. २०२० पासून लागू झालेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये प्रत्येक टीला स्वतःचं कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) आणि स्लोप (बोगी गोल्फरला ती त्याच्या तुलनेत किती जड जाते) असतो. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान, प्रमाण ११३. सूत्र असं: तुमचा इंडेक्स (मूळ हँडिकॅप) गुणिले स्लोप भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग वजा पार. येणारा आकडा म्हणजे त्या टीचा कोर्स हँडिकॅप. केवळ उदाहरणासाठी एक पार ७२ चा कोर्स कल्पू. ब्लूचं रेटिंग ७२.४, स्लोप १३२, व्हाइटचं ६९.०, स्लोप १२२. इंडेक्स १८ असलेल्याला ब्लूवर २१ फटके मिळतात, व्हाइटवर १६. पुढे आलात की पाच फटके आपोआप कापले गेले! व्हाइटवरून ८८ मारले तर प्रणाली त्याची किंमत व्हाइटच्याच रेटिंगने करते. त्यामुळे पुढून खेळून हँडिकॅप "उतरवणं" फुकटात जमत नाही. आणि पुढून मारलेल्या ८८ ला मागून मारलेल्या ८८ इतकं मोल मिळतं हा जो संशय आहे, तो या वजाबाकीनेच निकालात काढलाय.

याच कारणाने चौघांनी चार टीवरून मारलं तरी बिघडत नाही. प्रत्येकाने आपापल्या टीचा कोर्स हँडिकॅप घ्यायचा. पार सगळीकडे सारखा असेल तर वेगळी वजाबाकी लागत नाही, कारण रेटिंग वजा पार सूत्रात आधीच आहे. पैजा लावणाऱ्यांनी पहिल्या टीवर हे आकडे कार्डावर लिहून घ्यावेत, अठराव्या ग्रीनवर उकरून काढू नयेत. बंधन फक्त स्पर्धेत: कमिटीने ठरवून दिलेली टी सोडून दुसरीवरून मारलं तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटके दंड बसतो, आणि पुढचं होल सुरू करण्याआधी योग्य टीवर जाऊन चूक दुरुस्त केली नाही तर थेट बाद. मासिक मेडलला, म्हणजे क्लबच्या दरमहा स्पर्धेला, टी कमिटीची. रविवारी सकाळच्या फोरबॉलला ती ज्याची त्याने निवडायची.