ग्राफीनचं यंत्र बोअरचा पॉइंट दाखवत नाही

‘ग्राफीन सेन्सर चुंबकत्वानं जमिनीतलं पाणी दाखवतो’ हा मेसेज यवतमाळकडच्या गावांत फिरतोय. दावा चुकीचा आहे. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर. ग्राफीनचा गुण मात्र खरा: चुंबकीय क्षेत्रात त्याचा विद्युतरोध, म्हणजे वीज वाहायला होणारा अडथळा, वाढतो. मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये, साध्या खोलीच्या तापमानाला, ०.१ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्रात तो दुपटीहून जास्त झालेला मोजला. पण पाण्याचं चुंबकत्व नगण्य असतं. आपल्या काळ्या बसाल्ट खडकात चुंबकीय खनिजं असतात, म्हणून यंत्राचा आकडा हलला तरी तो खडकामुळे, झऱ्यामुळे नव्हे. बोअर कोरडी गेली की कर्ज शेतकऱ्याच्याच अंगावर बसतं, म्हणून हे कळकळीनं सांगतोय. असल्या यंत्रवाल्याला पैसे देऊ नका. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात विचारा. जमिनीत खुंट्या ठोकून, वीज सोडून खडकाचा रोध मोजतात, त्यातून निदान पाण्याचा अंदाज बांधता येतो.