सिंहगडाला बस किती वाजता?

जून लागला की पुण्याच्या बातम्यांत दोन गोष्टी हमखास येतात: खडकवासल्यात पाणी किती टक्के झालं आणि कुठं कुठं जायला बंदी आहे. भुशी धरण, ताम्हिणी, लोहगड, सगळीकडे जमावबंदी. पाण्यात उतरायचं नाही, कड्यावर सेल्फी काढायचा नाही, गेलात तर गुन्हा. ही बंदी उगाच येत नाही. २०२४ मध्ये ३० जूनला भुशी धरणामागच्या धबधब्यात एक बाई आणि तिच्याबरोबरची चार लेकरं, एकाच कुटुंबातली पाच माणसं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. पुढच्या वर्षी १५ जूनला, रविवारी, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला. चौघं गेले, कितीतरी जण जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं आधीपासून होता.

अशी बातमी आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, लोकांना अक्कल नाही, सगळं बंद करून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, सरकार झोपलंय. दोन्हीकडचे थकले की कुणीतरी मला ओढतं: "तू सांग गं, तुमच्या जर्मनीत चालतं का असलं काही?"

चालतं. पण हे उत्तर दोन्ही तटांना आवडत नाही.

मी म्युनिकमध्ये राहते. इथून ऑस्ट्रियाच्या हद्दीकडे गेलं की क्योनिगझे नावाचं डोंगरांत शिरलेलं लांबट तळं आहे. १९०९ पासून त्यात विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत. तळ्याच्या वरच्या अंगाला एका धबधब्यात कातळातलं एक नैसर्गिक कुंड आहे, अगदी कड्याच्या टोकावर. इन्स्टाग्रामवर त्याचे फोटो फिरायला लागले आणि लोकांची रीघ लागली. खाली दरी, पाणी बर्फासारखं, वाट अशी नाहीच. २०१९ मध्ये दोन तरुण तिथं बुडाले. तरी लोक जातच राहिले. शेवटी २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानानं ते कुंड आणि भोवतालचा परिसर पाच वर्षांसाठी बंद केला, कारण माणसांच्या पायांखाली तिथलं गवत-झाडोराही उखडला होता. तेव्हा शिस्त जर्मनांच्या रक्तात असते वगैरे जे आपल्याकडे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यावर माझा विश्वास नाही. फोटोसाठी कड्याच्या टोकाशी जाणारा मुलगा इथलाही तसाच आणि हडपसरचाही तसाच.

फरक आहे तो पुढे. बंद झालं ते एक कुंड. तळं चालू, बोटी चालू, बाकीच्या सगळ्या पायवाटा चालू. अमुक जागा अमुक कारणासाठी अमुक काळ बंद, एवढंच. आपल्याकडे पावसाळा आला की अख्खा तालुकाच कुलपात जातो, आणि पुढे कुलूप निघतं तेव्हा आत काहीही बदललेलं नसतं. तोच निसरडा कठडा, तोच गंजलेला फलक. बंदीला खर्च येत नाही, हाच तिचा मोठा गुण. एक आदेश काढला, चार पोलीस उभे केले, झालं.

म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाच्या राज्यघटनेत १४१ वं कलम आहे. निसर्गाचा आनंद घेणं, रानात आणि डोंगरकुरणांत फिरणं, रानमेवा नेहमीच्या प्रमाणात गोळा करणं याची प्रत्येकाला मोकळीक आहे, आणि निसर्गाशी जपून वागणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलंय. ही राज्यघटना १९४६ ची, म्हणजे शहरं बाँबनं पडलेली आणि खायची भ्रांत असताना केलेली. तेव्हाही लोकांना रविवारी डोंगरावर जाता आलं पाहिजे हे त्यांना घटनेत घालावंसं वाटलं, याचं मला खरंच नवल वाटतं. कारण एकदा तो हक्क म्हटला की लोकांना तिथवर न्यायचं कसं, हा प्रश्न आपोआप सरकारच्या गळ्यात येतो. आपल्याकडे सहल म्हणजे चैन. चैन करायला गेलात, काही झालं, तर तुमचं तुम्ही बघा.

आणि "तिथवर न्यायचं कसं" याचं उत्तर गाडी नाही. म्युनिकहून डोंगरांतल्या गार्मिश गावाला साधी रेल्वे सव्वा-दीड तासात जाते. देशभरच्या साध्या गाड्या, बस, ट्राम यांना मिळून एकच महिन्याचा पास २०२३ च्या मेमध्ये ४९ युरोंना सुरू झाला आणि २०२५ मध्ये ५८ झाला. वाढला तेव्हा इथं काय कल्ला झाला म्हणता! स्टेशनाबाहेर बस उभी, बस उतरलं की पिवळी पाटी: अमुक शिखर, तीन तास, वाट अवघड. ती वाट कुणाची, पाटी कुणी लावायची, दरड आली तर कुणी बघायचं, हे ठरलेलं. पार्टनाखक्लाम नावाची एक अरुंद घळ आहे, तिथं तिकीट काढून आत सोडतात. बर्फ वितळून पाणी चढलं की दार बंद, ओसरलं की उघडं.

आता सिंहगड घ्या. पुण्याचं पहिलं प्रेम, शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. घाटाच्या तोंडाशी वन विभागाचं शुल्क भरायचं, तटबंदी-दरवाजे पुरातत्त्व खात्याचे, धरणाकाठची कोंडी पोलिसांची, धरण पाटबंधारेवाल्यांचं. रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर तासभर अडकलात तर नेमकं कुणाला शिव्या घालायच्या तेही कळत नाही. कणसाच्या गाड्या रस्त्यात नाहीत, रस्ता गाड्यांच्या मध्ये आहे. बहुतेक शहर जे पाणी पितं त्याच्या काठावर लोक मोटारी धुतात, आणि त्यांना हटकणारा माणूस कुठल्या खात्याचा असायला हवा यावर आपण अजून विचारच करतोय.

तरी २०२२ च्या मे महिन्यात एक धाडस झालं होतं. घाटात खासगी गाड्या बंद आणि पायथ्यापासून गडावर पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, ई-बस. मी इथं बसून टाळ्या वाजवल्या. पण ऐन सुट्टीत रांगा लागल्या, चार्जिंगची सोय पुरेना, लोक वैतागले, आणि थोड्याच दिवसांत बस गुंडाळून पुन्हा गाड्या सोडल्या. त्यावर शहाण्या पुणेकरांचा निकाल तयारच होता: बघा, आपल्याकडे हे चालत नाही. अहो, रांग लागली म्हणजे बस हवी होती! हॉटेलबाहेर रांग लागली तर आपण हॉटेल चाललं म्हणतो. कमी पडल्या त्या बस आणि तयारी. ऐन मे महिन्यात सुरू करण्याऐवजी सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारी सुरू केली असती, चुका शांतपणे निस्तरल्या असत्या, तर आज चित्र वेगळं दिसलं असतं असं मला वाटतं.

चालत नाही म्हणणाऱ्यांना मी मळवलीचं नाव सांगते. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं, पंधरा-वीस मिनिटं चालायचं, भाजे लेणी. तिथून लोहगड, विसापूर. पुण्यातल्या कितीतरी कॉलेजच्या पोरांनी पहिला ट्रेक असाच केला, घरी कुणाकडे गाडी नसताना. त्याला कुणी पर्यावरणस्नेही पर्यटन वगैरे म्हणत नव्हतं, लोकल होती म्हणून जमत होतं. त्या मार्गावर दुपारच्या लोकल वाढवा ही मागणी जुनी झाली. २०२५ च्या जुलैत लोहगड, राजगड आणि शिवनेरी धरून मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा पेढे वाटले गेले. वाटावेतच. पण एकाही भाषणात लोकलच्या वेळापत्रकाचा विषय निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

डोंगरात कुणी अडकलं तर काय, यातला फरक मला सर्वांत जास्त बोचतो. बव्हेरियात डोंगरातली सुटका करणारे लोक बहुतांशी स्वयंसेवकच. दिवसा सुतारकाम नाहीतर बँकेत नोकरी, फोन आला की दोर घेऊन निघायचं. आपल्याकडेही तेच. भुशीच्या घटनेत शोधकार्याला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते उतरले होते. जिगर तीच. पण इथल्यांना ते काम कायद्यानं सोपवलेलं आहे, रेडक्रॉसची छत्री आहे, विमा आहे, गरज पडली तर हेलिकॉप्टर येतं. आपल्याकडच्यांना शाल-श्रीफळ मिळतं.

इथवर वाचून "ही आता तिकडचीच झाली" असं कुणी म्हणेल, म्हणून दुसरी बाजूही सांगते. म्युनिकच्या लोकांचा दक्षिणेकडच्या गावांना वीट आलाय. २०२० मध्ये, करोनामुळे परदेशी जाणं बंद झालं तेव्हा, तळ्याकाठच्या गावांत म्युनिकची नंबरप्लेट दिसली की लोकांच्या कपाळावर आठ्या. मुळशीत रविवारी पुण्याची एमएच-१२ बघून पडतात तशाच. मोठं शहर शेजारी असलं की त्याची रविवारची गर्दी गावांनी सोसायची, हे दोन्हीकडे सारखंच.

म्हणूनच माझ्या मते डोंगर वाचवायचे तर आधी शहरातल्या मोकळ्या जागा वाचवायला हव्यात. म्युनिकमधून इसार नदी वाहते. एकेकाळी ती सरळ रेषेत, बांधलेल्या काठांत कोंबलेली होती. २००० ते २०११ या काळात शहरातल्या आठ किलोमीटरचे ते काठ त्यांनी सैल केले, नदीला पसरू दिलं, गोट्यांचे किनारे परत आले. उन्हाळ्यात अर्धं म्युनिक संध्याकाळी तिथं पाय सोडून बसलेलं असतं. ही माणसं रोज आल्प्सकडे धावत नाहीत, कारण घराजवळ बसायला जागा आहे. आपल्या मुळा-मुठेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरचा वाद मी वाचते तेव्हा हाच प्रश्न पडतो: त्यांनी नुकतं जे तोडलं ते आपण का बांधतोय? खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडाला का हे बघायला आपण छत्र्या घेऊन जातो, पुणेकरांची ती फुकटची वर्षासहल. पण २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत तेच पाणी शिरलं. नदीला जागा लागते, हे त्यानंतर तरी वेगळं सांगावं लागू नये.

वेताळ टेकडीचंही तेच. टेकडीतून जाणाऱ्या नियोजित बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध भांडणारे लोक काही जणांना विकासविरोधी वाटतात. माझे मामा तसं वाटणाऱ्यांतलेच. कोथरूडहून सेनापती बापट रस्त्याला जायला त्यांना पाऊण तास लागतो, त्यामुळे त्यांचा राग मला समजतो. पण सकाळी साडेपाचला टेकडी चढणारा माणूस, बुटांना लाल माती, हातात कुत्र्यांसाठी बिस्किटांचा पुडा, खाणीजवळ मोर ओरडला की थबकणारा, हा कुठल्याही खर्चाशिवाय रोज सहलीला जातोय. टेकडी कापलीत तर तो रविवारी मोटार काढून मुळशीला जाणार, आणि मग तुम्ही ताम्हिणीत बंदी घालणार. "मामा, तुमच्याच रस्त्यावर एक गाडी वाढेल," असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, "तू आधी इथं येऊन गाडी चालव." तेही खरंच आहे.

आणि एक गोष्ट मला इथली मुळीच नको. हेर्शिंग स्टेशनावरून ओढ्याकाठानं तासाभराची चढण चढली की आन्डेक्सचा मठ येतो. वर मठाची स्वतःची बिअर, डुकराचं भाजलेलं मांस, लाकडी बाकं. सिंहगडाचीच ही बव्हेरियन आवृत्ती. पण ट्रे घेऊन खिडकीपाशी उभं राहायचं, कार्ड टेकवायचं, बास. सिंहगडावर पुणे दरवाज्याच्या वाटेवर दह्याची टोपली घेऊन बसलेली मावशी मडक्यावरचं फडकं उचलते, बोटानं मडकं जरा कलतं करते म्हणजे दही पाणी न सुटता घट्ट लागलंय हे तुम्हाला दिसावं, आणि साखर की मीठ विचारते. टोपलीच्या कडेला आता क्यूआर कोड बांधलेला असतो. पैसे आल्याचं फोन बोलला की ती हसते, कारण तिला आकडा आधीच माहीत असतो.

२०२५ मध्ये गडावरची अनधिकृत बांधकामं पाडली गेली. पत्र्याच्या शेडनी बुरुज झाकले जात होते, ती गेली याचं मला दुःख नाही. पण त्याच दमात दहीवालीला अतिक्रमण म्हणायला मी तयार नाही. पायथ्याच्या घेरा सिंहगड आणि आतकरवाडीची ही माणसं गडाची शेजारी आहेत, पिढ्यानपिढ्या. गडावर चूल नको असेल तर नको. पायथ्याला, जिथं बस थांबेल तिथंच, त्यांना पक्के ओटे द्या, पाणी द्या, बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा, आणि वर टोपली घेऊन जायची परवानगी नावानिशी द्या. बस मात्र दर पंधरा मिनिटांनी हवी, आणि गडावरून खाली येणारी शेवटची बस किती वाजता हे पायथ्याच्या गोळेवाडी नाक्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.