दुधाळ पाणी म्हणजे जादा क्लोरीन नव्हे

‘पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन जास्त पडलंय, दुधाळ पाणी पिऊ नका’ हा आमच्या पुण्यातल्या सोसायटीत फिरणारा मेसेज चुकीचा आहे. शेजारच्या काकूंनी तो वाचून भरलेला हंडा ओतून दिला, फार वाईट वाटलं. क्लोरीनने पाणी पांढरं होत नाही. पाणी सुटताना पाइपातली हवा दाबाने त्यात मिसळते, तिचे ते बुडबुडे. काचेच्या पेल्यात धरून बघा: बुडापासून वर निवळत जातं, दोन-तीन मिनिटांत लख्ख! क्लोरीनचा हलका वास आला तरी घाबरू नका, ते जंतू मारायलाच घालतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावं लागतं. मात्र तळाशी गाळ बसला किंवा गटाराचा वास आला, तर ते पाणी पिऊ नका, लगेच पालिकेकडे तक्रार करा.