डबा लावलेल्या सायकलला जरा रस्ता द्या
आज सकाळी साडेसहाला नाशिकच्या त्र्यंबक रोडवर एका कारवाल्याने एका सायकलवाल्या काकांना जे ऐकवलं ते अजून डोक्यातून जात नाहीये. मिट्ट अंधार, त्यात धुकं, आणि हा मागून अप्पर मारत, हॉर्न वाजवत आला आणि काच खाली करून म्हणतो, "ओ काका, मरायला निघालाय का एवढ्या थंडीत? घरी झोपा ना!" काकांच्या कॅरिअरला डबा होता राव! डबा लावलेला माणूस कामावर निघालेला असतो, एवढंही कळू नये?

माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, पंचवटीतून सातपूर एमआयडीसीत सायकलवर जायचे. फर्स्ट शिफ्ट सातची. नाशिकला जानेवारीत सूर्य उगवतो सात-दहाच्या आसपास, म्हणजे सगळा रस्ता अंधारातच. निघताना स्वेटरच्या आत छातीवर कालचा पेपर घडी करून घालायचे, कारण सायकलवर समोरून येणारा वारा लोकरीतून आरपार जातो, कागद त्याला अडवतो. कानटोपी, वरून मफलर, आणि हातमोजे नव्हते म्हणून आईने पायातलेच जुने मोजे हातात घालायला दिलेले. होळकर पुलावर गोदावरीवरून येणारा वारा सगळ्यात वाईट, असं म्हणायचे. बोटं इतकी बधिर व्हायची की ब्रेक दाबला गेलाय का नाही तेच समजायचं नाही. डायनामो टायरला टेकवला की पायडल जड, आणि वेग कमी झाला की लाइट मंद. एवढं करून घाम यायचाच, बनियन ओलं व्हायचं, आणि कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करायला लायनीत उभं राहिलं की तोच घाम गार पडायचा, खरी हुडहुडी तेव्हा भरायची.

आणि आपण इथे गुलाबी थंडीचे फोटो टाकतो. टाका, माझं काही म्हणणं नाही. पण निफाडचा पारा किती उतरला याची बातमी शेअर करताना त्या पहाटे बाहेर कोण होतं ते पण बघा ना. 2018 च्या डिसेंबरात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोनच्याही खाली गेला होता, तेव्हा द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला माणसं पहाटे बाहेर होतीच.

आपल्या नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी 2015 ला रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली तेव्हा अख्ख्या नाशिकने त्यांना डोक्यावर घेतलं, आणि बरोबरच केलं, मला आजही अभिमान आहे. मग रोज पहाटे पोटासाठी पायडल मारणाऱ्याला शिव्या कशाला? अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका सायकल ट्रॅक झाला तेव्हा किती बरं वाटलं होतं, नानांच्या रोजच्या वाटेवरचाच तो भाग. त्यावर गाड्या लावून कोण जातं? आपणच ना!

हो, मान्य, काकांच्या सायकलला मागे रिफ्लेक्टर नव्हता. पण म्हणून माणसाशी असं बोलायचं?

लिहिता लिहिता नानांचा तो टेम्पोवाला आठवला. एकदा घरातून निघाल्यावर डायनामोची वायर तुटली, पुलावर धुक्यात काही म्हणजे काही दिसेना, तर मागचा टेम्पो ओव्हरटेक न करता डिपरवर सायकलच्या वेगाने मागे मागे येत राहिला, पार अशोक स्तंभापर्यंत, नानांना पुढचा रस्ता दिसावा म्हणून. मग हात दाखवला आणि निघून गेला. त्याचं नाव-गाव काही माहीत नाही, पण नाना हे अजून सांगतात, आणि दरवेळी "उशीर त्यालाही होत असणार" असं म्हणतात.

तर पहाटे गाडी काढणाऱ्यांनो, प्लीज, पुढे सायकल दिसली की लाइट डिपरवर घ्या आणि लांबून जा. आणि रेडियमच्या पट्ट्या काही महाग नाहीत, तुमच्या सोसायटीचे वॉचमन, पेपरवाला पोरगा, कामाला येणाऱ्या मावशी, ज्यांची सायकल असेल तिच्या मागच्या मडगार्डला एक चिकटवून द्या. मी रविवारी जास्तीच्या आणतोय, पंचवटीतल्या कोणाला हव्या असतील तर कमेंटमध्ये सांगा, घरी आणून देतो.