जाणकार व्हायचंय? मग बसा

प्रत्येक कॉलनीत एक माणूस असा लागतोच, ज्याला विचारल्याशिवाय शेजारपाजारचं कुणी मोबाईल घेत नाही, पिक्चरचं तिकीट काढत नाही आणि आलेल्या पाहुण्यांना रविवारी कुठं न्यायचं तेही ठरवत नाही. भुसावळ म्हणा, जळगाव म्हणा, पारोळा म्हणा, चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभे राहा. "भो, त्याले इचार, त्याले सगळं माहीत राहतं" हे कानावर पडेलच. ही जागा तुमच्या कॉलनीत रिकामी असेल तर आजच भरून टाका. रिकामी नसेल, तर सध्याच्या जाणकाराचं वय बघा आणि धीर धरा.

भरतीच्या अटी सोप्या आहेत. शिक्षण लागत नाही, अनुभव तर अजिबात नको. तो उलट आडवा येतो. ज्याला खरोखर वाचायचा नाद आहे तो संध्याकाळी घरात पुस्तक धरून बसतो. ज्याला भटकायचा आहे तो रविवारी गावात सापडत नाही. ज्याला कम्प्युटर खोलायचा आहे त्याचे हात धुळीनं माखलेले असतात आणि तोंडात स्क्रू धरलेला असतो, तो बोलणार कसा? सल्ला द्यायला माणूस मोकळा लागतो, ओट्यावर हजर लागतो. म्हणून सगळ्यात आधी स्वतःचे छंद सोडा.

सुरुवात मोबाईलपासून करावी, तिथं गिऱ्हाईक आपणहून चालत येतं. समोरचा विचारेल, "नाना, पंधरा हजारात कोणता घेऊ?" इथं नवशिके घसरतात आणि एखाद्या फोनचं नाव सांगून मोकळे होतात. नाव कधीच घ्यायचं नाही. डोळे किलकिले करून उलट विचारायचं, "वापर काय आहे तुझा?" त्या बिचाऱ्याचा वापर म्हणजे सुरतेच्या बहिणीशी व्हिडिओ कॉल, केळीचे भाव आणि झोपताना दोन भजनं. हे सांगायला तो लाजतो. लाजला की तुम्ही जिंकलात. मग प्रोसेसर, रिफ्रेश रेट, सेन्सर ही नावं एका दमात घ्या आणि शेवटी म्हणा, "थांब जरा. पुढच्या महिन्यात नवीन येतोय." हे भाकीत कधीच चुकत नाही, पुढच्या महिन्यात नवीन येतोच. तो माणूस काचेला चिकटपट्टी लावलेला जुना फोन घेऊन वर्षभर थांबतो आणि दर महिन्याला तुमच्या दारात येतो. याला म्हणतात मान.

एक गोष्ट मात्र त्याला चुकूनही सांगू नका. कित्येक फोनच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान 0 ते 35 अंश असं छापलेलं असतं. म्हणजे आपल्याकडे फोन दिवाळीनंतर बाहेर काढायचा आणि होळी पेटली की कपाटात ठेवायचा. मे महिन्यात इथं पारा 45 ला टेकतो. लिथियमची बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण चार्ज करून उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागं टाकली तर आणखी लवकर. सावलीत ठेव, चार्जिंगला लावून उशीखाली घेऊ नको, एवढं सांगितलं तरी माणसाचा फोन पुष्कळ टिकतो. पण फोन टिकला की माणूस येत नाही. कामाची माहिती देऊन आजवर कुणी जाणकार झालेला नाही.

टीव्हीचंही तेच. वास्तुशांत झाली की पुतण्या विचारायला येतो, 43 इंची घेतोय, फोर-के घेऊ की साधा फुल एचडी? गणित तसं सरळ आहे. 43 इंची पडदा साधारण 95 सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीत त्यावर आडवे 1920 ठिपके बसतात, म्हणजे एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. दहा फुटांवरच्या सोफ्यावरून चांगल्या डोळ्यालाही पाऊण मिलिमीटरच्या खालचे ठिपके सुटे दिसत नाहीत. जिथं अर्धाच दिसत नाही तिथं फोर-केचा पाव काय दिसणार? हे गणित पाठ करा आणि पोटात ठेवा. तोंडानं म्हणा, "आता फोर-केच घे, फ्युचर-प्रूफ होईल." फ्युचर-प्रूफ म्हणताना आवाज थोडा खाली आणावा, डॉक्टर रिपोर्ट बघून बोलतात तसा. पुढं त्या टीव्हीवर वहिनी संध्याकाळी साडेसातची मालिका बघतात आणि आठला लाईट जाते, तो भाग आपल्या अखत्यारीत येत नाही.

कुणी फारच वाद घातला तर अमळनेर काढा. विप्रो 1945 साली अमळनेरात सुरू झाली, आणि सुरुवातीला काढत होती वनस्पती तूप. टीव्हीच्या चर्चेशी याचा काडीचा संबंध नाही. तरी ते ऐकल्यावर समोरच्याला वाटतं, संगणकाच्या क्रांतीत नानांच्या घराण्याचाही कुठंतरी हात असणार. तो गप्प बसतो. आपल्या भागातल्या मोठ्या माणसांचा आणि मोठ्या कंपन्यांचा हाच तर उपयोग आहे.

वाचनाचा विभाग स्वस्तात पडतो. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा गर्दीत ढकलाढकली करून पुस्तकं घेतलेली माणसं तुमच्या ओळखीत असतील. त्यातल्या कुणाकडून एक जाड पुस्तक मागून आणा. परत द्यायचा प्रश्न नाही, त्यानंही ते उघडलेलं नसतं. टीपॉयवर ते मधोमध उघडून पालथं घाला. आठवड्याला चाळीसेक पानं पुढं सरकवायला विसरू नका. येणारी काही माणसं फार बारीक नजरेची असतात. कुणी पुस्तकाबद्दल विचारलंच तर म्हणा, "भाषा चांगली आहे, पण संपादन हवं होतं." मग 1952 चं संमेलनही अमळनेरलाच झालं होतं हे जोडून द्या. सनावळीपुढं कुणी उलट बोलत नाही.

गणेश मंडळात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलायची वेळ आली तर बहिणाबाई आहेतच. आसोद्याची लेक, जळगावची सून, लिहिता-वाचता येत नव्हतं; गाणी ओठावर यायची, ती घरच्यांनी उतरवून घेतली, आणि पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यानंतर. दोन ओळी म्हणा, टाळ्या ठरलेल्या. फक्त एक धोका आहे. मागच्या रांगेतल्या एखाद्या पोरीच्या मनात येऊ शकतं, की त्या बाईकडं ना टॅब होता, ना वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प, ना टिपणं ठेवायचं अ‍ॅप. शेतात राबता राबता, दळता-कांडता झालं सगळं. असल्या विचाराला पाय फुटायच्या आत चहापानाची घोषणा करा.

धुळ्याचा विषय निघाला तर इतिहास संशोधनाचं राजवाडे मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं, एवढं भांडवल पुरे. "केवढा ठेवा आहे हो, कुणाला कदर नाही," असं हळहळून म्हणावं. एकदा हळहळलं की जाऊन बघायची जबाबदारी आपोआप सरकारवर पडते. (मंडळ उघडं असतं, आत जाता येतं, कागद मागता येतात. बोलू नका.)

सिनेमात दोन वाक्यांवर आयुष्य निघतं. "इंटरव्हलपर्यंत ठीक आहे, नंतर लांबवलाय" हे पहिलं; हिंदी, मराठी, तेलुगू, कशालाही लावा. दुसरं, "मूळ कोरियन बघ." मूळ कोरियन नसेल तरी कुणी शोधायला जात नाही. स्मिता पाटीलचं नाव आलं की ताबडतोब "आपल्या शिरपूरची" म्हणून मोकळं व्हावं. वडील शिरपूरचे, ती जन्मली पुण्यात, असल्या तपशिलात शिरलं की अभिमान पातळ होतो. बाकी खरी सत्ता ओटीटीच्या पासवर्डात आहे. चार घरांत मिळून एकच वर्गणी, पैसे चौघांचे, पासवर्ड तुमचा. एका वेळी दोनच पडदे चालतात. शेजारच्या जिजांनी रात्री क्रिकेट लावलं आणि तुमचा पडदा अडला, तर वाद घालू नका. सकाळी पासवर्ड बदला. जिजा दुपारी आंब्याची पेटी घेऊन येतील.

कॅमेऱ्याबद्दल कुणी विचारलं तर लेन्सचे आकडे सांगा, उजेडाबद्दल बोलू नका, आणि जमलं तर चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस यांची गोष्ट सांगा. गोष्ट म्हणजे प्रेयसीची आणि पंजाब मेलची, ती त्या गाडीनं येईल म्हणून वाट बघत राहिल्याची. ती सगळ्यांना पाठ आहे, तरी लोक पुन्हा ऐकतात. हा माणूस अनेक दशकं घराबाहेर जवळपास पडलाच नाही आणि टेबलावर वस्तू मांडून, दिव्यांचा उजेड खेळवून आख्खी दृश्यं उभी करत राहिला. त्याचं काम त्याच्याच घरात, चाळीसगावच्या स्टेशनजवळ, बघायला ठेवलं आहे. तिकडं कुणाला पाठवू नका. पाठवलंत तर तो परत येऊन नव्या लेन्सचा विचारच सोडून देईल, मग सल्ला कुणाला देणार?

आता सहली. पाहुणे आले की "अजिंठा दाखवा" म्हणतात, आणि जळगावकराची पंचाईत होते, कारण त्यानं स्वतः अजिंठा सातवीच्या सहलीत पाहिलेला असतो आणि त्यातला डबाच तेवढा आठवतो. जळगावहून साठेक किलोमीटर, ऐपत असो नसो, जाता येतं. जाणकारानं त्यांना सोमवारी पाठवावं. सोमवारी अजिंठा बंद असतो. फर्दापूरच्या फाट्यावरून ते फोन करतील, तेव्हा म्हणावं, "अरे, मी मंगळवार म्हटलं होतं. मंगळवारी वेरूळ बंद, हे पण लक्षात ठेवा बरं का." पहिल्या वाक्यानं ते चरफडतात, दुसऱ्यानं मान तुकवतात. शेवटी ते तुमच्याच ज्ञानाची तारीफ करत परत फिरतात.

पाटणादेवीचं तंत्र वेगळं. पाऊस पडला की सगळं चाळीसगाव तिकडं निघतं. धबधबा, रील, कणसं, परत. तिथं जवळच सापडलेल्या यादवकाळातल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी गणिताचा क्लास, तोही आपल्या जंगलात! हे सांगितलं तर पोरं कणीस अर्धवट टाकून शिलालेखाचं विचारू लागतात, आणि पुढचा प्रश्न येतो, "नाना, लीलावतीतलं एखादं गणित सांगा ना." म्हणून पाटणादेवीबद्दल एवढंच म्हणा, "आता फार गर्दी असते तिथं, पहिल्यासारखं राहिलं नाही." तोरणमाळला हेच चालतं. उनपदेवला हेच चालतं. मे महिन्यात गरम पाण्याच्या कुंडावर गर्दी कोण करेल, असं तिथं कुणी विचारत नाही.

डिसेंबर लागला की मळ्यात भरताच्या पार्ट्या सुरू होतात आणि इथं जाणकाराचा कस लागतो, कारण भोवती खरोखर काम करणारी माणसं असतात. आबा पऱ्हाट्यांचा जाळ करतात. मोठाली हिरवी-पांढुरकी वांगी, टोचे मारून, जाळात टाकलेली. साल काळी पडून तडकते, देठापाशी रस फसफसायला लागतो, तेव्हा काकू ते उघड्या हातानंच ओढून काढतात आणि बोटं कानाच्या पाळीला लावतात. साल सोलून गर लाकडी बडगीत पडतो. आधीच ठेचलेल्या भाजक्या मिरच्या आणि लसूण तिथं वाट बघत असतात. मुसळीचा आवाज बदलतो, धपधपचा चुबुकचुबुक होतो, मग कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची चुरचुरीत फोडणी. शेजारच्या चुलीवर कळण्याच्या पुऱ्या, ज्वारी-उडदाच्या. या सगळ्यात धूर खूप होतो. तुम्ही वारा येतो त्या बाजूला खाट ओढून बसा, घोटभर चहा घ्या आणि जाळाकडं बघत हलकेच म्हणा, "बामणोदची वांगी नाहीत वाटतं."

बस. आबा खजील होतात, "बाजारात मिळालीच नाहीत रे भो" म्हणतात, आणि केळीचं पहिलं पान तुमच्यापुढं येतं. तोवर कुणीतरी बडगीचा फोटो काढायला जातो. त्याला अँगल सांगा. दुसरा कुणी वांगं सोलायला बोलावेल, त्याला फोन आल्यासारखं करा. काकू मात्र बघत असतात. काकूंना सगळं कळतं. त्यांच्यावर कुठलाही उपाय मला ठाऊक नाही, आणि असता तरी छापला नसता.

एवढं सगळं साधलं तरी एक प्रसंग कधी ना कधी येतोच. रविवारी सकाळी दारात पुतण्या उभा असेल. नव्या टीव्हीचं सर्व्हिस सेंटर दोनशे किलोमीटरवर आहे, रिमोट चालत नाही, आणि जुन्या टीव्हीतच चित्र बरं दिसत होतं, असं तो म्हणेल. घाबरू नका. त्याला आत घ्या, पंख्याखाली बसवा, घरात चहा सांगा. त्याचं सगळं बोलणं मान हलवत ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. चहा अर्धा झाला की चष्मा काढून पुसा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारा, "पण मला सांग, तुला हा घ्यायला लावला कुणी?"