पेनर्डचा किल्ला गोल्फनं नाही, वाळूनं खाल्ला

पेनर्डच्या पडक्या किल्ल्याला लागून असलेल्या गोल्फ मैदानावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'सातशे वर्षांच्या किल्ल्याच्या अंगणात श्रीमंतांनी चेंडू टोलवायचे आणि तुम्ही त्याचं कौतुक करायचं, ही इतिहासाची थट्टा आहे,' असं तुमचं म्हणणं. राग समजतो, पण आरोपी चुकलाय.

वेल्समधल्या गावर द्वीपकल्पावरचा हा किल्ला १४०० च्या सुमारास ओस पडला. गोल्फ क्लब निघाला १८९६ मध्ये. क्लबनं इथून कुणाला उठवलं नाही. उठवलं ते वाळूनं.

बाराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी इथे माती-लाकडाचा कोट उभारला. दगडी तट आणि दोन बुरुजांचा दरवाजा तेराव्या शतकाच्या अखेरीचा किंवा चौदाव्याच्या सुरुवातीचा. खरं सांगू? दरवाजा दिखाऊ जास्त, लढाऊ कमी. पण त्याची कसोटी शत्रूनं घेतलीच नाही. समुद्रावरच्या वाऱ्यानं वाळू आणली, ती घरांवर, सेंट मेरीच्या चर्चवर साचत गेली आणि वस्ती आत सरकली. स्वानसीच्या उपसागरापलीकडे केनफिगचंही हेच झालं, तिथे तर अख्खं गाव गेलं. पेनर्डच्या लोकांनी याची गोष्ट करून टाकली आहे: किल्लेदाराच्या लग्नाच्या रात्री नाचणाऱ्या पऱ्यांवर तो दारूच्या नशेत तलवार घेऊन धावला, आणि त्यांनी सूड म्हणून वाळूचं वादळ पाठवलं. १६५० च्या पाहणीत किल्ल्याची नोंद आहे ती उजाड आणि पडका अशीच.

आता गंमत बघा. ज्या वाळूनं माणसं हाकलली, तिच्यामुळेच इथे गोल्फ जमतो. पाणी चटकन मुरतं, गवत आखूड आणि चिवट राहतं, जमीन उंचसखल. गोल्फ मैदानं आखणाऱ्या जेम्स ब्रेडनं इथली आखणी केली ती या उंचवट्यांना धरूनच, म्हणून चेंडू नीट मारला तरी कुठे घरंगळेल याचा भरवसा नाही. समुद्रकिनारी असूनही मैदान कड्याच्या माथ्यावर आहे, त्यामुळे त्याला 'आकाशातलं लिंक्स' म्हणतात (लिंक्स म्हणजे किनाऱ्यालगतच्या वाळूच्या जमिनीवरचं गोल्फ मैदान).

आणि 'श्रीमंतांचं अंगण' म्हणाल, तर ते गायीघोड्यांचंही आहे. ही सामायिक चराऊ जमीन. जनावरं फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या आखूड गवताच्या पट्ट्यावर, चरतात आणि खाली थ्री क्लिफ्सच्या पुळणीकडे जाणारे लोक मैदानातूनच वाट काढतात. खेळायला पैसे पडतात, किल्ला बघायला पडत नाहीत.

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. 'किल्ला म्हणजे सातव्या होलची शोभा' असं मी फोटोखाली लिहिलं होतं (होल म्हणजे मैदानाचा एक टप्पा, चेंडू पहिल्यांदा मारण्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा). ते खेळाडूच्या नजरेचं वाक्य होतं, काढून टाकलंय. त्याच होलच्या दुसऱ्या अंगाला जुन्या चर्चचे अवशेष आहेत, त्यांचा तर मी उल्लेखही केला नव्हता. ते किल्ल्याइतके दिसत नाहीत म्हणून राहिले, पण ही काही सबब नाही. तेवढा परिच्छेद आता जोडलाय.

कधी गेलात तर सातव्या होलची वाट ओलांडण्याआधी टीकडे, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिकडे, नजर टाका. मी दरवाजाचे फोटो काढत मध्येच उभा राहिलो होतो. मागून 'फोर' अशी, म्हणजे चेंडू येतोय सांभाळा अशी, आरोळी आली आणि मी तटाच्या आडोशाला पळालो. सातशे वर्षांत तो तट तेवढ्यापुरता तरी कामी आला.