चिंच, रांगोळी आणि म्युनिक

चांदीची नाणी जमवणाऱ्याने खरं तर सोलापुरात राहावं. आम्ही राहतो मालवणात. मिरग लागला की भिंतींना घाम, पापडांना ओल आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या दहा मार्कांच्या पश्चिम जर्मन नाण्यांना कावीळ.

त्या नाण्यांचा मोहही विचित्र. पहिल्या नाण्यावर ‘इन डॉइचलांड’ (जर्मनीत) लिहिलं, पूर्व जर्मनीने हरकत घेतली, मग ‘इन म्युन्शेन’ (म्युनिकमध्ये) केलं. म्हणजे दोन्ही हवीत! शिवाय टांकसाळी चार, नाण्यावर प्रत्येकीचं अक्षर वेगळं : डी, एफ, जी, जे. ‘सगळी सारखीच तर दिसतात’ असं घरातून ऐकू आलं की भिंग पुढे करावं. प्रश्न थांबत नाही, पण पुढे ढकलला जातो.

म्युनिकच्या नाण्यात चांदी ६२.५ टक्के, बाकी तांबं. १९७६ च्या मॉन्ट्रियलच्या दहा डॉलरांत ९२.५ टक्के. आपल्या १९८२ च्या एशियाडच्या शंभर रुपयांत निम्मीच. काळवंडतात सगळीच, कारण हवेतलं गंधक चांदीला धरतं. आधी पिवळट, मग जांभळट, मग काळं. त्यातून रबरबँड लावून ठेवलं तर गंधक घरपोच.

स्वस्त, मऊ प्लास्टिकचा अल्बम त्याहून वाईट. तो पीव्हीसीचा असतो. दमट उष्म्यात त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकटा येतो. तो दिसला की काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घ्यावं (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि अत्तर असतं), पाच मिनिटं बुडवावं, दुसऱ्या वाटीत विसळावं, पुसू नये. ते चटकन पेट घेतं, म्हणून देवापुढचा दिवा आधी विझवावा.

मग नाणं मापाच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे गोल पारदर्शक डबीत. एशियाडचं ४४ मिमी, मॉन्ट्रियलचं ४५. मिलिमीटरचा फरक, पण सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळतं आणि कड घासते. डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल. नारिंगी जेल हिरवं झालं की तापवून पुन्हा नारिंगी करायचं. निळं घेऊ नये, त्यात विषारी कोबाल्ट असतं आणि तापवायला हाताशी येते ती नेमकी पोह्यांची कढई. तांदळात पुरायचा सल्ला सगळे देतात. त्याने नाण्याला पीठ लागतं, एवढंच.

हे सगळं सांभाळलं तरी चतुर्थी येते. ताम्हन, निरांजन, पंचपात्र अंगणात, आणि म्हातारीच्या हातात चिंच-रांगोळी. “ह्येका पण वायच चिंच लावतंय!” रांगोळी म्हणजे दगडाचा चुरा. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी चकचकीत पाडलेल्या नाण्याच्या आरशावर तिच्या रेघा उठल्या की जन्मभर जात नाहीत. संग्राहक पाठ फिरवतो, सराफ वजनाचा भाव सांगतो. म्हणून त्या आठवड्यात डबा लपवावाच लागतो. कोणी हात घालणार नाही अशी जागा एकच, लोकरीच्या स्वेटरांखाली.

आणि लोकरीत गंधक असतं.